पॅराग्वेचा दाखला देणाऱ्यांना

भाषांच्या सहजीवनाची चर्चा निघाली की पॅराग्वेचा दाखला ठरलेला. दक्षिण अमेरिकेच्या पोटात वसलेला, समुद्रकिनारा नसलेला, साठेक लाख वस्तीचा हा देश. जिंकणाऱ्यांची भाषा स्पॅनिश, जिंकले गेलेल्यांची ग्वारानी. खंडात इतरत्र मूळ रहिवाशांच्या भाषा डोंगरांत आणि जंगलांत मागे रेटल्या गेल्या. इथे मात्र ग्वारानी राजधानी असुन्सियोनच्या बाजारात ऐकू येते, बसमध्ये ऐकू येते, फुटबॉलच्या मैदानावर तर येतेच. आणि ती बोलणारे बहुतेक लोक स्वतःला आदिवासी म्हणवत नाहीत. देशाच्या चलनाचे नावसुद्धा 1943 पासून ग्वारानी आहे. एवढे सांगून झाले की पुढचे वाक्य येते: बघा, शाळा, कोर्ट, कचेरी वसाहतवाल्यांच्या भाषेत चालली म्हणून घरची भाषा मरत नाही. दोघी आपापल्या जागी सुखाने नांदतात. मग मातृभाषेसाठी एवढी ओरड कशाला?

मला हा निष्कर्ष मान्य नाही. ग्वारानी जगली हे खरेच आहे, आणि ते विलक्षण आहे. पण ती कशी जगली, तिच्या जगण्याची किंमत कोणी मोजली आणि आज तिच्या पायाखालून काय सरकते आहे, हे गाळून दिलेला दाखला अर्धा असतो. त्या अर्ध्या दाखल्याने अन्याय होतो तो ज्या शेतकऱ्याच्या तोंडी ही भाषा आहे त्याच्यावर.

या समजुतीला विद्वानांचा आधार मिळाला तो 1960 च्या दशकात. जोन रूबिन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी असुन्सियोनजवळच्या लुके या गावात आणि एका खेडेवस्तीत राहून कोण कुठे कोणती भाषा बोलतो याची बारकाईने नोंद केली. त्यांचे पुस्तक 1968 मध्ये आले. खेड्यात ग्वारानी. गावात औपचारिक प्रसंग असेल तर स्पॅनिश. जवळीक वाढली, थट्टामस्करी सुरू झाली की पुन्हा ग्वारानी. जोशुआ फिशमन यांनी त्याच सुमारास आपल्या सिद्धान्तासाठी पॅराग्वेचे उदाहरण घेतले: सगळा समाज दुभाषिक, आणि दोन भाषांची कामे नीट वाटून घेतलेली. एक वरच्या कामांची, एक खालच्या कामांची, आणि व्यवस्था स्थिर. पुढे हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत गेले आणि तिथून जगभरच्या भाषणांत.

रूबिन यांच्या नोंदींबद्दल मला आदर आहे. त्यांनी पाहिले ते खरे पाहिले. चूक झाली ती नंतर, वर्णनाला व्यवस्था समजण्यात. भाषा निवडता येते ती दोन्ही येणाऱ्याला. 1992 च्या जनगणनेत एक तृतीयांशाहून अधिक लोकांना फक्त ग्वारानी येत होती, आणि फक्त स्पॅनिश येणारे दहा टक्केसुद्धा नव्हते. आता या दोन गटांकडे नीट पाहा. फक्त स्पॅनिश येणाऱ्या माणसाचे देशात कुठेही अडत नव्हते: बँकेत नाही, न्यायालयात नाही, विद्यापीठात नाही. फक्त ग्वारानी येणाऱ्या माणसाला आपल्या देशाचा कायदा वाचता येत नव्हता. संख्येने कितीतरी मोठा गट छोट्या गटाच्या दारात दुभाष्याचे बोट धरून उभा होता. याला कामाची वाटणी म्हणायचे असेल, तर आपल्याकडच्या मातीच्या मडक्यांच्या उतरंडीलाही वाटणीच म्हणावे लागेल. तिथेही प्रत्येक मडके आपापल्या जागी असते. वजन तळातले पेलते.

खुद्द भाषांची नावेच हे सांगतात. ग्वारानीत ग्वारानीला अवान्येएं म्हणतात: अवा म्हणजे माणूस, न्येएं म्हणजे बोली. स्पॅनिशला म्हणतात काराईन्येएं. काराई म्हणजे मालक, महाशय, मान देऊन ज्याला हाक मारावी तो. विजेत्यांच्या आधीच्या काळात हा शब्द थोर मांत्रिकांसाठी होता. पुढे तो गोऱ्या, बाप्तिस्मा झालेल्या, मातब्बर माणसाला चिकटला. आणि 'अवा' या साध्यासुध्या 'माणूस' शब्दाचे काय झाले? पॅराग्वेत तो आता जंगलातल्या आदिवासीसाठी, बरेचदा तुच्छतेने, वापरला जातो. दोन शब्दांच्या प्रवासात चार शतकांची हकीकत आहे.

दाखला देणाऱ्यांची आवडती गोष्ट याहून गोड आहे. ती सांगते की पॅराग्वे हे दोन वंशांच्या लग्नातून जन्मलेले राष्ट्र; स्पॅनिश बाप, ग्वारानी आई, म्हणून मुलांच्या ओठी दोन्ही भाषा. 1537 मध्ये असुन्सियोनची गढी उभी राहिली तेव्हा स्पॅनिश पुरुष थोडे होते, त्यांच्याबरोबर बायका जवळजवळ नव्हत्या, आणि ग्वारानी प्रमुखांनी त्यांना मुली देऊन सोयरिक जोडली, हे खरे. ग्वारानी रीतीत सोयरा म्हणजे कामात हात देणारा माणूस. मेहुणे एकमेकांच्या शेतात राबत, लढाईत सोबत जात. स्पॅनिशांनी या नात्यातला फक्त घेण्याचा भाग घेतला. थोड्याच वर्षांत वस्त्यांवर धाडी घालून बायका पळवून आणणे सुरू झाले. त्यांना शेतात जुंपले, त्यांचा सौदा केला, एकेका घरात कितीतरी जणी कोंडल्या. 1556 मध्ये गव्हर्नर इराला याने हजारो ग्वारानी माणसे वेठीसाठी स्पॅनिश मालकांत वाटून दिली. मुलांना ग्वारानी शिकवली ती या आयांनी. बापाचे राज्य गरीब होते, सोन्याचांदीच्या वाटेपासून दूर होते, नवे स्पॅनिश लोक येत नव्हते, म्हणून आईची बोली टिकली. हा त्या बायकांचा पराक्रम आहे. त्याचे श्रेय त्यांना पळवून आणणाऱ्यांच्या औदार्याला देऊ नये एवढीच माझी मागणी आहे.

दुसरे श्रेय मिशनऱ्यांना दिले जाते, आणि इथे गोव्याशी धागा जुळतो. जेझुइट पाद्री आंतोनियो रुइझ दे मोन्तोया यांनी ग्वारानीचा मोठा कोश 1639 मध्ये आणि व्याकरण 1640 मध्ये माद्रिदला छापले. त्याच 1640 साली गोव्यातल्या राशोलच्या, म्हणजे रायतूरच्या, छापखान्यातून कोंकणीचे व्याकरण बाहेर पडले. ते लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्सही जेझुइटच, आणि मराठी वाचक त्यांना 'ख्रिस्तपुराणा'मुळे ओळखतो. एकच संघ, एकच पद्धत: लोकांच्या भाषेत शिरा, तिचे नियम बांधा, त्यातून धर्म सांगा. (भाषेची ये-जा उलट दिशेनेही झाली. ग्वारानीची बहीण असलेल्या ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगिजांनी उचललेले दोन शब्द गोव्यामार्गे आपल्या घरात आले: काजू आणि अननस.) पॅराग्वेच्या मिशन वस्त्यांमध्ये तर ग्वारानी माणसेच अक्षरे जुळवून पुस्तके छापत होती. निकोलास यापुगुआय या ग्वारानी लेखकाचे धर्मग्रंथ 1720 च्या दशकात तिथे छापले गेले.

हे सगळे मोठे काम आहे, मी ते नाकारत नाही. पण पुढची पाने उलटा. गोव्यात 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी स्वतःची भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. स्पेनच्या राजाने 1767 मध्ये जेझुइटांना आपल्या साऱ्या मुलखातून हाकलले आणि 1770 मध्ये अमेरिकेतल्या मूळ भाषा नाहीशा होऊन सर्वत्र स्पॅनिशच बोलली जावी असे फर्मान सोडले. सत्तेने गरजेपुरती दिलेली जागा गरज सरली की काढून घेतली. छापखान्याचे ठसे ग्वारानी हातांनी जुळवले असतील, पण किल्ली त्यांच्या हाती कधीच नव्हती.

किल्ली स्वतंत्र देशातही मिळाली नाही. 1848 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्लोस आंतोनियो लोपेझ यांनी 21 आदिवासी गावांना एका फर्मानाने नागरिक केले. ऐकायला चांगले वाटते. त्याच फर्मानाने त्या गावांच्या सामाईक जमिनी आणि गुरे सरकारजमा झाली. हजारो लोक रात्रीतून 'आदिवासी' राहिले नाहीत. भाषा मात्र तीच राहिली. आदिवासी नसलेले लोक आदिवासी भाषा बोलतात या नवलाचा बराचसा उलगडा इथे होतो. ती भाषा इतरांनी प्रेमाने स्वीकारली असे नाही. ती बोलणाऱ्यांची ओळखच कागदावर बदलली गेली.

मग युद्ध आले. 1864 ते 1870, एका बाजूला पॅराग्वे आणि दुसरीकडे ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे. या काळात ग्वारानीला जे स्थान मिळाले ते तिला आधी कधी मिळाले नव्हते. पासो पुकूच्या छावणीत 1867 मध्ये 'काबिचुई' हे खंदकातले वृत्तपत्र निघाले. काबिचुई म्हणजे चावऱ्या गांधीलमाशीची एक जात. कागदाचा तुटवडा पडला तेव्हा कारागुआता या रानटी झुडपाच्या तंतूंपासून कागद केला, सैनिकांनी लाकडावर चित्रे कोरली, शत्रूची टिंगल करणारा मजकूर स्पॅनिशबरोबर ग्वारानीतही छापला. त्याच वर्षी 'काकीके लांबारे' हे पत्र तर संपूर्ण ग्वारानीत निघाले. लिपीचे नियम ठरवायला सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को सोलानो लोपेझ यांनी जाणकारांची बैठक बोलावली. तोफा धडाडत असताना एक सरकार शुद्धलेखनाचा विचार करत होते! कारण उघड आहे. मरायला पाठवायचे ते शिपाई ग्वारानी बोलत होते.

1870 मध्ये देश हरला. पुरुषांची एक अख्खी पिढी गेली. उरलेल्या विधवांनी आणि पोरक्या पोरांनी देश पुन्हा उभा केला, तो ग्वारानीत बोलतच. आणि नव्या राज्यकर्त्यांनी पहिल्या कामांत एक काम केले ते शाळांतून ग्वारानीला बाहेर काढण्याचे. मागासपणाचे खापर भाषेवर फोडले. पुढच्या शंभर वर्षांत शाळेत ग्वारानी शब्द तोंडून निसटला म्हणून मार खाल्लेल्या, खड्या मिठावर किंवा मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसवलेल्या मुलांच्या आठवणी आजही म्हातारी माणसे सांगतात. 1932 ते 1935 या काळात बोलिव्हियाशी चाकोचे युद्ध झाले, तेव्हा शत्रूला कळू नये म्हणून सैन्याचे निरोप पुन्हा ग्वारानीत गेले. युद्ध संपले, मुले पुन्हा स्पॅनिश फळ्यासमोर. हा क्रम दोनदा घडला. 'आपापल्या जागी नांदतात' म्हणणाऱ्यांनी ग्वारानीची जागा कोणती ठरली होती ते या दोन युद्धांवरून पाहावे.

कायदा तर बदलला ना, असे आता विचारले जाईल. स्ट्रोएसनरची हुकूमशाही 1954 ते 1989 चालली, आणि या राजवटीने ग्वारानीचे कौतुक भरपूर केले. 1967 च्या राज्यघटनेने दोन्ही भाषांना राष्ट्रभाषा म्हटले आणि लगेच पुढे लिहिले की कामकाजाची भाषा स्पॅनिश राहील. नाव दोघींचे, शिक्का एकीचा. आयुष्यभर ग्वारानीचा अभ्यास केलेले जेझुइट विद्वान बार्तोमेउ मेलिआ आदिवासींवरच्या अत्याचारांविरुद्ध बोलले, तेव्हा याच राजवटीने त्यांना 1976 मध्ये देशाबाहेर घालवले. भाषेचा गौरव आणि ती बोलणाऱ्यांचा छळ एकाच हातून होऊ शकतो. पॅराग्वेचे दुभाषिकत्व ही मुळात दोन विषम गटांची कहाणी आहे हे मेलिआ यांनी वारंवार मांडले, आणि मला जे कळले आहे ते बरेचसे त्यांच्यामुळे.

हुकूमशाही पडल्यावर 1992 ची राज्यघटना आली. तिने ग्वारानीला स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत केले आणि शाळेची सुरुवात मुलाच्या मातृभाषेत व्हावी असे सांगितले. भाषा कायदा यायला 2010 उजाडले, आणि त्यानंतर भाषा अकादमी. हे विजय आहेत. ते कोणी दान दिले नाहीत. शिक्षक, कवी, कार्यकर्ते यांनी ते मिळवले. पण म्हणूनच दाखला देणाऱ्यांना विचारावेसे वाटते: तुमच्या मते सगळे सुखाने चालले होते, तर या लोकांनी घटना बदलायला लावली ती कशासाठी?

कायद्यानंतरही कागद स्पॅनिशच राहिला आहे. कायदे स्पॅनिशमध्ये लिहिले जातात, निकाल स्पॅनिशमध्ये लिहिले जातात, जमिनीचे खरेदीखत स्पॅनिशमध्ये होते. जमिनीचा विषय इथे सहज आलेला नाही. पॅराग्वेच्या सत्य व न्याय आयोगाने 2008 मध्ये जाहीर केले की 1954 पासूनच्या अर्धशतकात सुमारे 78 लाख हेक्टर जमीन बेकायदा रीतीने वाटली गेली. गरीब शेतकऱ्यांसाठी असलेली जमीन सेनाधिकारी, पक्षाचे लोक आणि धनदांडग्यांच्या नावे झाली. ज्या शेतकऱ्यांची ती व्हायची होती ते ग्वारानीत बोलत होते, आणि जे लिहिले गेले ते त्यांना वाचता येत नव्हते. लुबाडणुकीचे कारण भाषा नव्हती. पण कागद परक्या भाषेत असला की लुबाडणे किती सोपे जाते, हे सावकाराच्या वहीवर अंगठा उठवलेल्या कोणाही घराला समजावून सांगावे लागू नये.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, आणि तो मी टाळणार नाही. शिक्षणसुधारणा 1994 मध्ये सुरू झाली, ग्वारानी बोलणाऱ्या मुलांना ग्वारानीतून शिकवण्याचा मार्ग खुला झाला, तेव्हा विरोध कोणी केला? अनेक ठिकाणी ग्वारानी बोलणाऱ्या आईबापांनीच. त्यांचे म्हणणे साधे होते: ग्वारानी पोरांना घरीच येते, शाळेने स्पॅनिश द्यावी. दाखला देणारे हे वाक्य विजयी मुद्रेने सांगतात. मला ते ऐकून वाईट वाटते, पण त्या आईबापांचा राग येत नाही. त्यांनी देश वाचला आहे. नोकरीचा अर्ज कोणत्या भाषेत आहे, डॉक्टर कोणत्या भाषेत प्रश्न विचारतो, पोलीस चौकीत कोणाचे ऐकले जाते, हे त्यांना ठाऊक आहे. मुलाला त्या दारापर्यंत पोहोचवणे हे आईबापाचे काम, आणि ते त्यांनी केले. दार कोणत्या भाषेत उघडावे हे ठरवणे त्यांच्या हाती नव्हते, ते सरकारच्या हाती होते. सरकारने पुस्तकाची भाषा बदलली आणि दाराची तशीच ठेवली.

पुस्तकाचीही एक चूक झाली. रोजची ग्वारानी स्पॅनिश शब्दांनी भरलेली असते. या मिश्रणाला जोपारा म्हणतात. जोपारा हेच नाव मका आणि घेवडा एकत्र शिजवून केलेल्या पदार्थाचेही. 1 ऑक्टोबरला तो घरोघरी रांधतात, म्हणजे उपासमार घेऊन येणारा काराई ऑक्टोबर घराबाहेरून परत जातो. इतके घरचे नाव असलेली बोली पाठ्यपुस्तकांना अशुद्ध वाटली. ग्वारानीत जुने अंक चारपर्यंतच रुळलेले. पुढे लोक स्पॅनिश आकडे वापरतात. पंडितांनी 'पो' म्हणजे हात, म्हणून पाच, असे धरून सहा, सात, आठ, नऊ घडवले. घडण सुरेख आहे, मला ती आवडते. पण बाजारात आईबरोबर स्पॅनिश आकड्यांत पैसे मोजणारे मूल शाळेत आले आणि त्याला त्याच्याच भाषेतले आकडे परके निघाले. शुद्ध ग्वारानी शिकवणाऱ्या शिक्षकांची तळमळ मी समजू शकतो. पण ज्या मुलासाठी हे सारे चालले आहे त्याला त्याची भाषा चुकीची आहे असे पहिल्याच दिवशी कळणे, ही गेल्या शंभर वर्षांत त्याच्या आजोबांना मिळालेली शिक्षाच झाली. फक्त या वेळी ती ग्वारानीच्या नावाने मिळाली. जोपाराला पुस्तकात दार उघडल्याशिवाय ग्वारानीची शाळा लोकांची होणार नाही.

आणि ही भाषा घरात तरी सुरक्षित आहे का? 1992 मध्ये एक तृतीयांशाहून अधिक असलेले केवळ ग्वारानी बोलणारे 2002 च्या जनगणनेत चौथाईच्या आसपास आले. खेडी शहराकडे निघाली. शहरात ग्वारानी बोलणाऱ्या आया मुलांशी मोडक्यातोडक्या का होईना स्पॅनिशमध्ये बोलू लागल्या. चार शतके जिने ही भाषा राखली त्या आईनेच आता हात आखडता घेतला असेल, तर 'घरात टिकतेच' या आधाराखाली काय उरते?

एक गोष्ट राहिली. ग्वारानीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत: ओरे म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही, न्यांदे म्हणजे त्याला धरून आपण. स्पॅनिशला हा भेद करता येत नाही, मराठीला करता येतो, त्यामुळे आपल्याला तो लगेच कळेल. ग्वारानीचा गौरव करणारा प्रत्येक वक्ता व्यासपीठावरून 'न्यांदे' म्हणतो. या 'आपण'मध्ये कोण येते? पॅराग्वेत 19 आदिवासी लोकसमूह आहेत, पाच भाषाकुलांचे. लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे दोन टक्के. ज्या घटनेने ग्वारानीला अधिकृत केले तिनेच त्यांच्या भाषांना राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हटले आणि तिथेच थांबली. उतरंडीचे आणखी एक मडके इथे आहे, आणि ते ग्वारानीच्याही खाली आहे. देशाच्या पश्चिमेकडच्या चाको भागातल्या कोरड्या रानात परदेशी भांडवलाने टॅनिनचे कारखाने आणि गुरांची कुरणे आणली, त्यांच्याबरोबर ग्वारानी बोलणारे मुकादम आणि मजूर आले, आणि आंगाइते, ग्वाना यांसारख्या समूहांची भाषा मजुरीच्या रांगेत बदलली. ती स्पॅनिश झाली नाही, ग्वारानी झाली. ग्वाना अस्खलित बोलणारी माणसे आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि सगळी वयस्कर. त्यांची नातवंडे बाजारात ग्वारानी बोलतात, शाळेत स्पॅनिश वाचतात, आणि आजीने तिच्या भाषेत काही विचारले तर उत्तर ग्वारानीत देतात.